कुत्रं नसलेला सचिव

सांगलीतल्या आमच्या श्वानप्रेमी क्लबात घरी कुत्रं नसलेला सभासद एकच आहे आणि क्लबाचा सचिवही तोच आहे. हा योगायोग नव्हे.

मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. एका वर्षी क्लबाच्या स्मरणिकेत अध्यक्षांच्या मनोगतापेक्षा शुद्धलेखनाच्या चुकाच जास्त गाजल्या, तेव्हा प्रुफं बघायला मास्तर पाहिजे म्हणून माझ्याकडे माणूस आला. प्रुफांसोबत चहा होता, चहासोबत बैठक होती आणि बैठकीत भांडण होतं. भांडण दर वेळी तेच, लॅब्राडॉरवाले विरुद्ध जर्मन शेफर्डवाले. सचिव लॅबवाला असला की शेफर्डवाले म्हणणार, शोची तारीख मुद्दाम आमच्या कुत्र्यांचे केस गळायच्या दिवसात धरली. सचिव शेफर्डवाला असला की लॅबवाले म्हणणार, रिंग मुद्दाम उतारावर आखली, कारण त्यांच्या कुत्र्यांची पाठ मागं उतरती असते आणि उतारावर ती सरळ दिसते. दोन सचिवांनी राजीनामे दिले. तिसऱ्याने गाव सोडलं, पण त्याची बदली झाली होती असंही काही जण म्हणतात. शेवटी क्लबातल्या पशुवैद्य डॉक्टरांनी तोडगा काढला. म्हणाले, "सरांना करा. सरांकडं कुत्रंच नाही."

टाळ्या झाल्या. सगळ्या नोकरीत माझ्यासाठी इतक्या टाळ्या वाजल्या नव्हत्या, आणि त्याही माझ्याकडे काय नाही यासाठी.

मास्तराला एखादं काम दिलं की तो आधी वाचत बसतो. मीही बसलो आणि वाचता वाचता धीर आला. जगप्रसिद्ध 'क्रफ्ट्स' डॉग शो 1891 साली लंडनमध्ये सुरू करणारा चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीतला माणूस. त्याच्या घरी कुत्रं नव्हतं, मांजर होतं, असं सांगतात. खरं-खोटं क्रफ्ट जाणे, पण मी ही गोष्ट पहिल्याच बैठकीत ऐकवली आणि माझ्या नेमणुकीला परंपरेचं पाठबळ आहे हे दाखवून दिलं. तिथंच थांबायला हवं होतं. मी त्याच्याही मागं गेलो. पहिला नीट भरवलेला डॉग शो म्हणून ज्याचं नाव घेतात तो 1859 च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला झाला. शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर. बक्षीस म्हणून गावातल्या बंदूकवाल्याने बंदुका ठेवल्या होत्या. निकाल असा लागला की पॉइंटरमध्ये पहिलं आलेलं कुत्रं सेटरच्या पंचाचं होतं आणि सेटरमध्ये पहिलं आलेलं पॉइंटरच्या पंचाचं. मी हे 'त्या काळी कशी अनागोंदी होती बघा' म्हणून सांगितलं. सभासदांनी ते 'हे असं करता येतं' म्हणून ऐकलं. खजिनदारांनी तर वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपला शो इतका निःपक्षपाती करायचा की न्यूकॅसलवाल्यांनी मान खाली घालावी.

आता थोडं शोच्या प्रतीविषयी. चॅम्पियन किताबाकडे नेणारं चॅलेंज सर्टिफिकेट ज्या शोमध्ये मिळतं, तो भरवायचा तर चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची मान्यता लागते. तिथं नोंदणीची कागदपत्रं, कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा आकडी नंबराची मायक्रोचिप, सगळं चोख असतं. आमचा क्लब अजून त्या पायरीला पोचलेला नाही. आमचा शो सर्वांना खुला. लसीचं कार्ड दाखवा, प्रवेश फी भरा, कुत्रं उभं करा. सर्टिफिकेट नाही, चषक मात्र आहे.

चषकांचं सांगतो. खजिनदार म्हणाले, लॅब, शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन, पग आणि पामेरियन एवढ्यांचे चषक करू, बाकी कोण येतंय? हा मला सरळसरळ पक्षपात वाटला. एखाद्या जातीचं कुत्रं आलं आणि त्याच्या नावाचा चषकच नसला तर? मी पुस्तकातली यादी काढली. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ साडेतीनशेच्या वर जाती मानतो आणि त्या 10 गटांत बसवतो. तेवढे चषक परवडले नसते हे मलाही कळत होतं, म्हणून वर्णानुक्रमे बऱ्यापैकी निवडक घेतले. अफगाण हाउंडपासून सुरुवात केली. चषकवाला माझा विद्यार्थी. त्याने प्रत्येकावर जातीचं नाव कोरून दिलं आणि घाऊक म्हणून सूटही दिली. 'बोर्झोई'चा र्‍झो पहिल्यांदा चुकला होता, तो मी दुरुस्त करून घेतला.

मग परवानग्या. मैदान एका शाळेचं मिळालं, पण लाउडस्पीकर आणि गर्दी म्हटल्यावर एका कचेरीत अर्ज द्यावा लागतो. छापील नमुन्यात कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता: धार्मिक, सांस्कृतिक, राजकीय, क्रीडा.

"कुत्री पळणार आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"पळणार, पण शर्यत नाही. जजसमोरून जायचं आणि परत यायचं."

"मग क्रीडा नाही. नाचणार?"

"नाही."

"मग सांस्कृतिक पण नाही." त्यांनी पेन धार्मिकवर नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे घेतलं. शेवटी 'इतर' लिहिलं. 'इतर'चे अर्ज वरच्या मजल्यावर घेतात. वरच्या मजल्यावर हमीपत्र मागितलं, की कार्यक्रमात सहभागी कुत्री कोणाला चावणार नाहीत. स्टॅम्पपेपरवर सर्व कुत्र्यांच्या वतीने मी सही केली. एकाचीही ओळख नव्हती.

प्रवेश-अर्ज यायला लागले आणि मला पहिला धडा स्वीटीने दिला. स्वीटी पांढरीशुभ्र, झुपकेदार शेपटीची, बाईंच्या गुडघ्याला लागणारी. अर्जावर 'पामेरियन'. मी पुस्तक उघडलं. पोमेरेनियनची उंची खांद्यापाशी 18 ते 24 सेंटिमीटर. स्वीटी बसल्यावरसुद्धा त्याच्या वर जात होती. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, आपल्या हवेत रुळलेला, चांगला, काटक कुत्रा. यात कमीपणा काहीच नाही. मी हे बाईंना शक्य तितक्या मायेने समजावलं आणि वर सांगितलं, की इंडियन स्पिट्झचा चषकही आहे.

"आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडं पामेरियन आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं आहे का कुत्रं?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. पामेरियन गटात स्वीटीची नोंद झाली. नंतर एक गृहस्थ टायगर नावाच्या डॉबरमनचं लसीचं कार्ड घेऊन आले. कार्ड जुनं वाटलं म्हणून विचारलं, तर ते आधीच्या कुत्र्याचं निघालं. "नाव तेच हाय की सर, टायगर!" मी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी हयात टायगरला सुई टोचून नवं कार्ड दिलं आणि त्या टायगरने तेव्हापासून माझ्यावर डूख धरला. पत्ता मी दिला होता हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

एक डॅक्सहुंडही आला. मिरजेच्या एका सतारमेकरांचा. या जातीची गंमत अशी, की तिचे उपप्रकार उंचीवरून नाही, छातीच्या घेरावरून ठरतात. सतारमेकरांनी भोपळा मोजायची टेप काढून घेर सांगितला. मी लिहून घेतला आणि विसरून गेलो.

परीक्षक बाहेरगावचे होते. हे माझं धोरण. सांगली जिल्ह्यातला पंच नको, शेजारच्या जिल्ह्यातलाही नको. पहाटे मिरज जंक्शनवर मी एकटाच त्यांना घ्यायला गेलो, कारण कोणाही श्वानमालकाने जाणं योग्य नव्हतं. गृहस्थ उंच, कोटात, बोलायला मोजके. गाडीत त्यांनी विचारलं, "आपल्याकडे कोणती ब्रीड?"

"काहीच नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उत्तम. आता एक करा. मैदानावर माझ्या आसपास दिसू नका."

पण मिरजेच्या फलाटावर त्यांची बॅग माझ्या हातात असताना शेफर्डवाल्यांपैकी एकाने आम्हाला पाहिलं होतं. तो बहिणीला सोडायला आला होता. आम्ही सांगलीत पोचायच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो पोचला. खाली ओळ: 'सर काय ठरवतायत?' सर जजना जयसिंगपूरचं भडंग कुठं चांगलं मिळतं ते सांगत होते.

शो सकाळी आठला सुरू करायचा होता. यालाही कारण आहे. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात 38 ते 39 अंश असतं, आणि माणसासारखा सगळ्या अंगाला घाम येऊन ते उतरत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळा भार जिभेवर आणि धापा टाकण्यावर. त्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापसुद्धा धड टाकता येत नाही. म्हणून आपल्याकडचे शो हिवाळ्यात आणि शक्यतो उन्हाच्या आधी उरकायचे असतात. आमचा शो थंडी सरता सरता होता, तरी आठचं गणित बरोबर होतं. प्रमुख पाहुणे साडेदहाला आले.

तोवर मैदानाचं रूप पालटलं होतं. मंडपाच्या खांबांना लाल-पिवळं कापड गुंडाळलं होतं आणि प्रत्येक नर कुत्र्याने आल्याआल्या प्रत्येक खांबापाशी हजेरी लावली होती. मंडपवालाही माझाच विद्यार्थी. "सर, कापडाचे पैसे वेगळे लागतील," एवढंच म्हणाला. लहान कुत्री तपासायला जे टेबल आणलं होतं ते डुगडुगत होतं, म्हणून एका पायाखाली मागच्या वर्षीची स्मरणिका घातली. तिचा एवढा उपयोग आधी झाला नव्हता. डॉक्टरांनी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या, पगांच्या टोपल्यांभोवती रचल्या आणि सरबतवाल्याने त्यांतली एक नेली.

पाहुण्यांच्या स्वागताला खजिनदारांनी मला न विचारता हलगी बोलावली होती. त्यांचं म्हणणं, आपल्या भागात हलगीशिवाय पाहुणा मैदानात उतरत नाही. खरं आहे, पण तो कुस्तीच्या मैदानात. हलगीवर पहिली टिपरी पडली आणि दीड-दोनशे कुत्र्यांनी एकदम तोंड वर केलं. शेफर्ड, लॅब, रॉटवायलर, पामेरियन म्हणून आलेले स्पिट्झ, सगळे एका सुरात. क्लबाच्या इतिहासात दोन्ही गट एकत्र आल्याची ती पहिली वेळ. पाहुणे गाडीत परत जाऊन बसले. हलगी थांबवून त्यांना बाहेर काढलं. समई लावताना ते प्रत्येकाला विचारत होते, "चावतंय का?" डॉक्टरांकडे बघूनही विचारलं. भाषण मात्र झक्क झालं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद, नरसोबाची वाडी आपल्या उंबऱ्याशी. युधिष्ठिराने कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. आपणही श्वानप्रेमींना सोडून कुठं जाणार नाही. असं म्हणून ते गेले.

मग माइक आमच्या निवेदकाच्या हातात आला. याला मी ठरवलं नव्हतं. तो कुस्ती मैदानाचा नामांकित निवेदक, आणि खजिनदारांचा मेहुणा. "रिंग नंबर एक! पुरुष गट! पेठेतला ढाण्या रॉकी, विरुद्ध, कुपवाडचा ब्रूनो! बघूया कोण कुणाला अस्मान दाखवतंय!" जज मध्येच थांबले. कुत्र्यांची एकमेकांशी लढत नसते. परीक्षकाच्या डोक्यात त्या जातीचा लिखित आदर्श असतो, आणि समोरचं कुत्रं त्याच्या किती जवळ जातं तेवढंच तो बघतो. दात 42 आहेत का, वरचे खालच्यांवर कात्रीसारखे बसतात का, चालताना मागचे पाय पुढच्यांच्या रेषेत पडतात का. मी निवेदकाला हे कागदावर लिहून दिलं. त्याने ते मनापासून घेतलं आणि आता प्रत्येक तपासणीचं समालोचन सुरू केलं. नर कुत्र्याचे दोन्ही अंड जागेवर उतरलेत का, हेही परीक्षकाला हाताने बघावं लागतं. ते चालू असताना निवेदक म्हणाला, "पंचांचा अभ्यास चालू आहे, कृपया शांतता राखावी." बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. 'महिला गट' पुकारल्यावर तर दोन आज्जी उठून रांगेत उभ्या राहिल्या.

दुपारी जतकडचे एक म्हातारबाबा आले. डोक्याला पटका, हातात कासरा, कासऱ्याला कारवान जातीचा लांब पायांचा कुत्रा. आपल्या दक्षिण महाराष्ट्राची आणि पलीकडच्या कर्नाटकची ही शिकारी जात, मुधोळ हाउंडची जवळची नातेवाईक. मुधोळवर 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढलं, पण आमच्या क्लबातल्या निम्म्या सभासदांनी असा कुत्रा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. नाव हरण्या. बाबांनी खिलार बैलांचे बाजार पालथे घातलेले. ते रिंगबाहेर फिरून इतरांच्या कुत्र्यांची तोंडं उघडून बघायला लागले. "ह्यो अजून आदत हाय. ह्येला वरीस म्हून सांगितलंय व्हय?" असं एकेक अर्ज ते नापास करत चालले. मी अर्ज काढून बघितले. त्यांचं बरोबर होतं. पगपाशी ते बराच वेळ थांबले.

"ह्ये काय करतंय?" त्यांनी मालकिणीला विचारलं.

"काही नाही, घरी असतं."

"आजारी हाय?"

त्यांना तिथून हलवून मी रिंगमध्ये आणलं. कारवान परक्याचा हात अंगाला लावून घेत नाही, हे त्या जातीच्या वर्णनातच आहे. हरण्याने ते वर्णन तंतोतंत पाळलं. जज पुढं आले की तो मागं. बाबा म्हणाले, "सायेब, तुमी लांबनंच बघा. मी दावतो तोंड." जजनी दहा फुटांवरून दात मोजले. मग हरण्या पळाला. जज एवढंच बोलले, "पुन्हा एकदा पळवा," आणि माझ्या अंदाजाने ते त्यांच्या कामासाठी नव्हतं. त्याच्या गटात हरण्या पहिला आला. बाबांनी चषक उलटसुलट करून बघितला, "ह्यात दूध बसंल," म्हणाले आणि अंतिम फेरीला न थांबता एसटीला निघून गेले. शेवटची गाडी चुकली असती. एसटीत हरण्याला कसं घेतलं ते मला आजही कळलेलं नाही.

इकडे लॅबमध्ये खजिनदारांचा ब्रूनो पहिला आला. शेफर्डवाले माझ्या टेबलाभोवती गोळा झाले. फोटो पुढं आला. "स्टेशनवर काय बोलणं झालं?" मी म्हटलं, भडंग. यावर जे हसू उमटलं त्यात विनोद नव्हता. थोड्या वेळाने शेफर्डमध्ये त्यांचाच रॉकी आला आणि तो गटातही पहिला ठरला, पण शंका फिटली नाही. उलट लॅबवाले आले, की तुम्ही घाबरून जजना निरोप दिलात. दोन्ही बाजूंनी शेवटी एकच वाक्य ऐकवलं: "ज्याच्याकडं कुत्रंच नाही त्याला काय कळतंय?" ज्या गुणावर निवडून आलो त्याच गुणावर खटला.

अंतिम फेरीत गटांतले विजेते उभे राहतात. इथं एक अडचण आली जी डॉग शोमध्ये नेहमी येते आणि जी मी वाचली नव्हती. कुत्रं फिरवणारे व्यावसायिक हँडलर एकाच शोमध्ये अनेकांची कुत्री दाखवतात. त्यांची दोन कुत्री अंतिम फेरीला पोचली की दुसऱ्यासाठी ऐनवेळी हात लागतो. आमच्या हँडलरकडे एक पामेरियन आणि एक ग्रेट डेन होता. डेनचे मालक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीवर. बाकी ज्याला दोरी द्यावी तो कोणत्या तरी गटाचा. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "सर चालतील. सरांचा कुणाशी संबंध नाही."

ग्रेट डेन नराची उंची खांद्यापाशी निदान 80 सेंटिमीटर लागते. याची त्याहून जास्त होती. वजनात तो माझ्यापेक्षा भारी, आणि घरचं नाव पिंट्या. हँडलरने सूचना दिल्या: दोरी डाव्या हातात, मान वर, त्रिकोणात पळायचं, आणि जज बघत असताना तुम्ही कुत्र्याकडे बघायचं, जजकडे नाही. मी कोल्हापुरी घालून होतो. पहिली बाजू पिंट्या माझ्या बरोबर आला. दुसऱ्या बाजूला मी पिंट्याबरोबर गेलो. तिसरी बाजू घेताना, आता निकाल जवळ आला म्हणून खजिनदारांनी हलगीला खूण केली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डावी चप्पल रिंगमध्ये राहिली. दोर आडवा आला तो पिंट्याने ओलांडला, मी नाही. निवेदक म्हणत होता, "आणि सर मैदान सोडून चालले!" पिंट्या ज्या वेगाने मला भडंगाच्या गाड्याकडे नेत होता, तो पाहता मोटेच्या बैलामागं नाडा जातो तसा मी जात होतो. मंडपवाल्याने शेवटच्या खांबाला मिठी मारायला सांगितलं. मी मारली. पिंट्या थांबला. खांब ओला होता.

माझ्या मागे रिंगमध्ये शेफर्ड रॉकी आणि ब्रूनोच्या गटातून आलेला स्पॅनियल एकमेकांच्या अंगावर गेले होते. पामेरियन भुंकत गोल फिरत होता. आणि मधोमध, टेबलावर, स्मरणिकेच्या आधाराने, मिरजेचा डॅक्सहुंड जसा उभा केला होता तसाच उभा होता. सतारीच्या कारखान्यात वाढलेला. जन्मापासून कानाशी कोणी ना कोणी तारा जुळवतंय, ठोकतंय, तासतंय. हलगीने त्याचा कानसुद्धा हलला नाही. जजनी हलगी थांबायची वाटही पाहिली नाही. त्याच्याकडे बोट केलं.

आता डॅक्सहुंडचा गट म्हणजे चौथा गट. त्या गटात जगात तीच एक जात आहे, आणि आमच्या शोमध्ये त्या जातीचं ते एकच कुत्रं. म्हणजे गटात तो बिनविरोध निवडून आला होता आणि तिथून सरळ सर्वोत्कृष्ट. लॅबवाले आणि शेफर्डवाले दिवसात दुसऱ्यांदा एक झाले. त्यांनी संयुक्त निवेदन लिहिलं. त्यात 'बिनविरोध' ऱ्हस्व-दीर्घ चुकून लिहिलं होतं, ते मी घेताना दुरुस्त केलं, आणि त्यावरूनही मी डॅक्सहुंडच्या बाजूचा आहे असं ठरलं. पिंट्याला दुसरा क्रमांक मिळाला. जजनी जाताना मला सांगितलं, "कुत्र्याची चाल सुरेख होती. हँडलरची बघता आली नाही."

हिशेब तोट्यात आहे. मंडपवाल्याने खांबांच्या कापडाचे पैसे लावले, चषकवाल्याची उधारी आहे. वार्षिक सभेत नवा सचिव निवडायचा ठराव आला होता. पण लॅबवाल्यांना शेफर्डवाला नको होता आणि शेफर्डवाल्यांना लॅबवाला, आणि सतारमेकरांचं नाव दोघांनाही नको होतं. तेव्हा मीच आहे.

उरलेले चषक माझ्या घरी ज्ञानकोशाच्या खंडांपुढे रांगेत उभे आहेत आणि ते घरातून हलवण्याची मुदत मला देण्यात आली आहे. तरी सांगली, मिरज, कुपवाड, जयसिंगपूर परिसरात कोणाकडे अफगाण हाउंड, बोर्झोई, चाउ चाउ, बेडलिंग्टन टेरियर किंवा बसेंजी असेल, तर त्यांनी लसीकरणाचं कार्ड दाखवून आपला चषक घेऊन जावा. वय, दात आणि चाल तपासली जाणार नाही. कुत्रं सोबत आणण्याची आवश्यकता नाही.